कॅन्सरपेशीचा आकार, पकड आणि चाल: फॅक प्रथिनाचा परिणाम कसा तपासायचा

पेशीतलं एक प्रथिन कमी केलं आणि दोन दिवसांनी मायक्रोस्कोपखाली पेशी गोलसर, आखडलेल्या दिसल्या, की निष्कर्ष काढायची घाई होते: हे प्रथिन पेशीची हालचाल चालवतं. एवढ्यावर तसं म्हणता येत नाही. आकार, पकड आणि चाल ही तीन वेगळी मापं आहेत आणि एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधला की हमखास फसगत होते. पकड आणि वेग यांचंच घ्या. इंटिग्रिन (पेशीच्या पृष्ठभागावरचे पकड घेणारे रिसेप्टर) यांची पातळी, फायब्रोनेक्टिन (ते ज्याला धरतात ते पेशीबाहेरचं प्रथिन) याची मात्रा आणि दोघांमधल्या बंधाची ताकद बदलून १९९७ मध्ये केलेल्या प्रयोगांत दिसलं, की पेशी सर्वांत वेगाने सरकते ती मध्यम पकडीवर. पकड फार सैल असेल तर अंग पुढे ओढायला आधार मिळत नाही. फार घट्ट असेल तर मागचं टोक सुटत नाही. त्यामुळे प्रथिन काढल्यावर पकड वाढली तर वेग वाढेल की घटेल, हे पेशी आधी पकड आणि वेग यांच्या आलेखावर कुठे उभी होती यावर ठरतं.

म्हणून तिन्ही गोष्टी मोजायच्या, आणि त्याआधी प्रथिन खरोखर कमी झालंय याचा पुरावा हातात घ्यायचा. खाली उदाहरण म्हणून फोकल अ‍ॅडहिजन कायनेज, म्हणजे फॅक, घेतलं आहे. फोकल अ‍ॅडहिजन म्हणजे पेशी पृष्ठभागाला चिकटते ती ठिपक्यासारखी जागा, आणि कायनेज म्हणजे प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारं एन्झाइम. पॅक्सिलिन, झिक्सिन, फॅसिन किंवा एझ्रिन या प्रथिनांसाठी अँटिबॉडी आणि सायआरएनए (ठरावीक जनुकाचा संदेश मोडणारा छोटा आरएनए) बदलतील, कामाचा क्रम हाच राहील.

फॅकबद्दल आधी एवढं माहीत हवं

फॅकचा शोध १९९२ मध्ये लागला. वजन १२५ किलोडाल्टन, जनुकाचं नाव पीटीके२. प्रथिनाच्या एका टोकाला फर्म नावाचा भाग, मध्ये कायनेज आणि दुसऱ्या टोकाला फॅट हा भाग असतो. पेशी मोकळी तरंगत असते तेव्हा फर्म कायनेजवर बसून त्याला झाकून ठेवतो. इंटिग्रिननी फायब्रोनेक्टिन धरलं, की तिथे पॅक्सिलिन आणि टॅलिन जमतात आणि फॅट भागामुळे फॅकही त्या जागी येतं. मग फर्म बाजूला होतो आणि फॅक स्वतःच्याच टायरोसिन-३९७ वर फॉस्फेट चढवतं. त्या फॉस्फेटला सार्क कायनेज येऊन बसतं, टायरोसिन-५७६ आणि ५७७ वर फॉस्फेट लावून फॅकला पूर्ण जोमात आणतं, आणि तिथून पी१३०कॅस, पॅक्सिलिन, रॅक, रो या प्रथिनांकडे संदेश जातो.

नवख्याला सर्वांत गोंधळात टाकणारी गोष्ट १९९५ मध्येच दिसली होती. फॅक नसलेले उंदीर गर्भावस्थेतच मरतात, आणि त्यांच्या पेशी हळू सरकतात, पण त्यांच्यात फोकल अ‍ॅडहिजनची संख्या वाढलेली असते. नाव 'अ‍ॅडहिजन कायनेज' असल्यामुळे ते काढलं की पेशी सुटून येईल असं वाटतं. प्रत्यक्षात फॅकचं मोठं काम चिकटलेली जागा वेळेवर सोडवण्याचं आहे. अ‍ॅडहिजन सुटत नाहीत, साचत जातात, आणि पेशी जागच्या जागी अडकते.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फॅकला पीवायके२ नावाचा जवळचा भाऊबंद आहे. फॅक गेलं की अनेक पेशींत त्याची पातळी वाढते आणि परिणाम झाकला जातो. दुसरं, फॅक कायनेज म्हणून काम करतं तसंच इतर प्रथिनांना एकत्र धरून ठेवणारा सांगाडा म्हणूनही करतं. त्यामुळे औषधाने त्याची कायनेज-क्रिया थांबवणं आणि प्रथिनच काढून टाकणं यांचे निकाल सारखे यायलाच हवेत असं नाही. हा प्रश्न फक्त प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही. डिफॅक्टिनिब हे फॅकरोधक औषध, अ‍ॅव्हुटोमेटिनिबच्या जोडीने, अमेरिकेच्या औषध नियामकाने मे २०२५ मध्ये ओव्हरीच्या एका प्रकारच्या, पुन्हा उद्भवलेल्या कॅन्सरसाठी मंजूर केलं आहे.

पेशी निवडणं

सुरुवातीला एमडीए-एमबी-२३१ घ्या. ब्रेस्ट कॅन्सरच्या या पेशी एकेकट्या सरकतात, लांबट असतात, फॅक भरपूर बनवतात आणि सायआरएनए चांगलं घेतात. चादरीसारख्या एकत्र सरकणाऱ्या पेशींचा प्रश्न असेल तर यांचा उपयोग नाही. त्यासाठी आपसात घट्ट जोडलेल्या एपिथेलियल पेशी हव्यात.

पेशी खऱ्याच त्या आहेत का हे एसटीआर प्रोफाइलने (डीएनएच्या ठशाने) तपासून घ्या. एमडीए-एमबी-४३५ ही ओळ वर्षानुवर्षं ब्रेस्ट कॅन्सरची म्हणून वापरली गेली आणि शेवटी ती एम१४ या मेलानोमाची निघाली. मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची पीसीआर चाचणी ठरावीक काळाने करत राहा, कारण त्याच्या संसर्गाने पेशींची वाढ, पकड आणि आकार सगळंच बदलतं आणि मीडिया (पेशी वाढवायचा द्रव) मात्र स्वच्छ दिसत राहतो. दोन गटांच्या पेशी नेहमी एकाच पॅसेजच्या (तितक्याच वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवलेल्या) आणि सारख्याच दाटीतून उचललेल्या असाव्यात. ९५ टक्के भरलेल्या फ्लास्कमधल्या आणि ६० टक्के भरलेल्या फ्लास्कमधल्या पेशींची चाल वेगळी असते, आणि हा फरक सहज प्रथिनाच्या नावावर खपून जातो.

प्रथिन कमी करणं

फॅकच्या दोन वेगवेगळ्या जागांवर बसणारे दोन सायआरएनए आणि एक निरर्थक क्रमाचा कंट्रोल, असे किमान तीन गट हवेत. एकाच सायआरएनएने मिळालेला निकाल निकाल धरू नका. तो दुसऱ्याच एखाद्या जनुकावर जाऊन बसलेला असू शकतो.

सहा-वेल प्लेटच्या एका वेलसाठी (खळग्यासाठी) हिशेब असा. १० मायक्रोमोलर सायआरएनएचे २.५ मायक्रोलिटर आणि लिपोफेक्टामाइन आरएनएआयमॅक्सचे (सायआरएनए पेशीत नेणाऱ्या द्रव्याचे) ५ मायक्रोलिटर, २५० मायक्रोलिटर ऑप्टिमेम मीडियामध्ये मिसळून १५ मिनिटं ठेवा. वेलमध्ये हे मिश्रण आधी टाका आणि त्यावर अँटिबायोटिक नसलेल्या मीडियातल्या २ लाख पेशी, २.२५ मिलिलिटरमध्ये. एकूण २.५ मिलिलिटरला सायआरएनए १० नॅनोमोलर पडतं. दुसऱ्या दिवशी मीडिया बदला. आरएनए २४ तासांत घटतो, पण आधी बनलेलं प्रथिन हळूहळू जातं, म्हणून प्रयोग ४८ ते ७२ तासांच्या खिडकीत करा. बरेच नवखे २४ तासांनी स्क्रॅच मारतात (पेशींच्या थरात रेघ ओढून ती किती भरते ते पाहतात) आणि 'काहीच फरक नाही' असं लिहून मोकळे होतात.

पेशी भराभर मरत असतील तर आधी लिपोफेक्टामाइन कमी करा. कंट्रोल गटही मरत असेल तर दोष प्रथिनाचा नाही.

तिसरा पुरावा म्हणजे प्रथिन परत देणं, ज्याला रेस्क्यू म्हणतात. सायआरएनए बसतो त्या जागेचे न्यूक्लिओटाइड बदलून, अमिनो आम्लं तीच ठेवून, फॅकचं सीडीएनए (प्रथिनाचा संकेत असलेला डीएनए) पेशीत घालायचं. यात तीन रूपं ठेवली तर प्रयोगाचं वजन एकदम वाढतं: मूळ फॅक, टायरोसिन-३९७ च्या जागी फेनिलअ‍ॅलनिन असलेलं फॅक, आणि लायसिन-४५४ च्या जागी आर्जिनिन असलेलं, म्हणजे कायनेज बंद पडलेलं फॅक. मूळ रूपाने चाल परत आली आणि ३९७ च्या रूपाने आली नाही, तर सार्कला धरून ठेवणारा दुवा महत्त्वाचा आहे असं म्हणायला जागा मिळते. परत दिलेलं प्रथिन मूळ पातळीच्या दहापट होऊ देऊ नका. जास्तीचं फॅक स्वतःच वेगळे परिणाम घडवतं.

औषधाचा समांतर गट ठेवायचा असेल तर पीएफ-५७३२२८ हे १ मायक्रोमोलरला वापरता येतं. ते पीवायके२ पेक्षा फॅकवर बरंच जास्त नेमकं आहे. डीएमएसओ (औषध विरघळवायचा द्रव) सगळ्या गटांत सारखं, ०.१ टक्क्यापुढे नको.

ब्लॉट: इथे घाई नको

ब्लॉटमध्ये पेशी फोडून प्रथिनं जेलवर वजनाप्रमाणे वेगळी करतात आणि हवी ती पट्टी अँटिबॉडीने शोधतात. पेशी फोडायच्या लायसिस बफरमध्ये प्रोटिएज रोधकांसोबत १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट आणि १० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड घाला. नाहीतर टायरोसिन-३९७ वरचं फॉस्फेट नमुना बर्फावर असतानाच उतरून जातं. २० मायक्रोग्रॅम प्रथिन ८ टक्क्यांच्या जेलवर चालवा. फॉस्फो अँटिबॉडीसाठी ५ टक्के बीएसएने (गाईच्या सीरममधल्या अल्ब्युमिनने) ब्लॉक करा. दूध नको, त्यातलं केसीन स्वतःच फॉस्फेट बाळगणारं प्रथिन आहे आणि पार्श्वभूमी काळी करतं.

लोडिंग कंट्रोल (सगळ्या नमुन्यांत सारखंच प्रथिन भरलंय हे दाखवणारी पट्टी) म्हणून विन्क्युलिन घेऊ नका. ते ११७ किलोडाल्टनच्या आसपास येतं आणि १२५ च्या फॅकला जवळपास खेटून बसतं. ट्युब्युलिन किंवा जीएपीडीएच घ्या. त्याच नमुन्यावर पीवायके२ ची पट्टीही पाहा, म्हणजे भाऊबंद मदतीला धावून आला का ते कळतं. फॅक ७० टक्क्यांहून कमी घटलं असेल तर पुढे जाऊ नका. उरलेलं प्रथिन बऱ्याचदा काम भागवून नेतं.

आकार

१३ मिलिमीटरच्या, ०.१७ मिलिमीटर जाडीच्या कव्हरस्लिप २४-वेल प्लेटमध्ये ठेवा आणि १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर फायब्रोनेक्टिनने ३७ अंशांवर एक तास लेप द्या. फायब्रोनेक्टिन कधीही व्हॉर्टेक्स करू नका, ते धाग्याधाग्यांनी गोळा होतं. बाटली हलक्या हाताने फिरवणं पुरेसं आहे. लेप दिलेली कव्हरस्लिप वाळू देऊ नका.

एका वेलमध्ये ८ ते १० हजार पेशी टाका, जास्त नको. शेजारणीला टेकलेल्या पेशीचा आकार तिचा स्वतःचा राहत नाही. दोन मुदती ठेवा: पसरण्याचा वेग पाहण्यासाठी १५, ३० आणि ६० मिनिटांना फिक्स केलेल्या कव्हरस्लिप, आणि स्थिरावलेला आकार पाहण्यासाठी १६ तासांच्या. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पसरायला उशीर करणारी पेशी दुसऱ्या दिवशी अगदी नेहमीसारखी दिसू शकते.

फिक्स करताना ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड ३७ अंशांना कोमट करून घ्या आणि फ्यूम हूडमध्ये १५ मिनिटं ठेवा. फ्रिजमधून काढून थंडच ओतलं तर पेशी त्या क्षणी कडा आत ओढून घेते, लॅमेलिपोडियाचा पातळ पदर आखडतो, आणि तुम्ही मोजता तो आकार थंडीचा असतो. मिथेनॉलही नको, त्याने फॅलॉइडिनची (अ‍ॅक्टिनचे धागे रंगवणाऱ्या द्रव्याची) अ‍ॅक्टिनवरची जागा बिघडते. पुढे ०.१ टक्के ट्रायटन ५ मिनिटं, १ टक्का बीएसए अर्धा तास, पॅक्सिलिन किंवा विन्क्युलिनची अँटिबॉडी एक तास, आणि दुसऱ्या अँटिबॉडीसोबतच फॅलॉइडिन व डॅपी (केंद्रकाचा रंग).

चित्रं ६० किंवा ६३ पटीच्या तेलाच्या लेन्सने, पेशीच्या अगदी तळाच्या पातळीवर घ्या. मायक्रोमीटरभर वर गेलात तर अ‍ॅडहिजन धूसर होतात आणि संख्या कमी भरते. एक्स्पोजर कंट्रोल गटावर ठरवा आणि सगळ्या गटांना तेच ठेवा. कोणती स्लाइड कोणत्या गटाची हे झाकून दुसऱ्याकडून क्रमांक टाकून घ्या. सुंदर दिसणारी पेशी निवडायची सवय प्रत्येकालाच असते, म्हणून जागा आधीच ठरवून, एका कोपऱ्यातून ओळीने घ्या.

मोजणी फिजी या चित्रं मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. पेशीची कड फॅलॉइडिनच्या चित्रावरून काढा आणि चार आकडे नोंदवा: क्षेत्रफळ, लांबी-रुंदीचं गुणोत्तर, गोलाई आणि भरीवपणा. गोलाई म्हणजे ४ गुणिले पाय गुणिले क्षेत्रफळ, भागिले परिमितीचा वर्ग. पूर्ण वर्तुळाला १ येतो आणि पेशी जितकी लांबट किंवा कातरलेली तितका तो खाली जातो. यात एक खोच आहे. परिमिती चित्राच्या बारकाईवर अवलंबून असते, त्यामुळे २० पटीच्या आणि ६० पटीच्या चित्रांतली गोलाई एकत्र करता येत नाही. आणि चारदोन बारीक फिलोपोडिया (बोटांसारखे फुटवे) फुटले तरी गोलाई कोसळते, मूळ अंग गोलच असलं तरी. अशा वेळी भरीवपणा, म्हणजे पेशीचं क्षेत्रफळ भागिले तिच्याभोवती ताणलेल्या दोरीच्या आतलं क्षेत्रफळ, जास्त खरं सांगतो.

अ‍ॅडहिजन मोजताना आधी पार्श्वभूमी वजा करा, मग एकच उंबरठा सगळ्या चित्रांना लावा आणि ०.२५ चौरस मायक्रोमीटरहून लहान ठिपके गाळा. प्रति पेशी संख्या दिली तर प्रति क्षेत्रफळ संख्याही द्या. मोठी पेशी साहजिकच जास्त अ‍ॅडहिजन बाळगते. फॅक घटलेल्या पेशीत कडेने मोठाल्या, जाड अ‍ॅडहिजनची माळ आणि तिला समांतर अ‍ॅक्टिनचा पट्टा दिसतो का, ते पाहा.

पकड

हा प्रयोग दिसायला सर्वांत सोपा आणि बिघडवायला सर्वांत सोयीचा. ९६-वेल प्लेटला दर वेलला ५० मायक्रोलिटर फायब्रोनेक्टिनचा लेप द्या, पण एकाच मात्रेचा नको. ०, १, २.५, ५, १० आणि २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी चढती रांग हवी. १० आणि २० ला जवळपास प्रत्येक पेशी धरून बसते आणि गटांमधला फरक बुजतो. फरक असेल तर तो १ ते ५ च्या पट्ट्यात आणि कमी वेळात दिसतो. नंतर उष्णतेने विकृत केलेल्या १ टक्का बीएसएने एक तास ब्लॉक करा. काही वेलना फक्त बीएसए द्या, तिथे पेशी बसायला नकोत. काहींना पॉली-एल-लायसिन द्या, तिथे पेशी इंटिग्रिनशिवाय, केवळ विद्युतभारामुळे बसते. लायसिनवरही दोन गटांत फरक आला तर पेशींची मोजणीच चुकलेली आहे.

पेशी उचलताना ट्रिप्सिन कमीत कमी वेळ ठेवा, कारण ते पृष्ठभागावरचे रिसेप्टरही कापतं. ते थांबवायला सीरम वापरू नका. सीरममध्ये फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन असतं आणि ते तुमच्या आखलेल्या लेपावर स्वतःचा लेप चढवतं. सोयाबीन ट्रिप्सिन इनहिबिटर वापरा, पेशी सीरम नसलेल्या ०.५ टक्के बीएसएच्या मीडियात घ्या आणि ३० ते ४५ मिनिटं ३७ अंशांवर तरंगत्या ठेवा. या वेळात रिसेप्टर सावरतात आणि टायरोसिन-३९७ वरचं फॉस्फेटही उतरतं, म्हणजे सगळे गट शांत अवस्थेतून सुरू होतात. याच पेशींतला थोडा भाग फायब्रोनेक्टिनवर टाकून ३० मिनिटांनी ब्लॉट केला, तर फॉस्फेट परत चढताना दिसायला हवं.

दर वेलला ४० हजार पेशी टाका. कंट्रोल गटाच्या साधारण निम्म्या पेशी चिकटतात ती वेळ आधी शोधून काढा, बहुधा २० ते ३० मिनिटं, आणि तीच सगळ्यांना लावा. धुण्यासाठी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलेलं, ३७ अंशांचं पीबीएस (क्षारांचं बफर) घ्या. हे दोन आयन नसतील तर इंटिग्रिनची पकड धुतानाच सुटते, आणि मग तुम्ही मोजता ती पीबीएसची बाटली. पिपेटचं टोक वेलच्या भिंतीला टेकवून हळू सोडा, प्लेट उलटी करून हलकेच झटका द्या, तीन वेळा. हाताच्या जोरातला फरक हीच या प्रयोगातली सर्वांत मोठी चूक असते. म्हणून दोन्ही गट एकाच प्लेटवर, आलटूनपालटून ओळींत ठेवा आणि धुणारा माणूस एकच असू द्या. कडेच्या वेल सोडून द्या, त्या लवकर आटतात.

४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड १५ मिनिटं, मग ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेट १० मिनिटं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुणं, पूर्ण वाळवणं, १० टक्के अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवणं आणि ५९० नॅनोमीटरवर वाचन. १०० टक्के म्हणजे किती हे ठरवायला काही वेल न धुता, वरूनच दुप्पट ताकदीचं फिक्सेटिव्ह समभाग घालून ठेवा.

चाल

एकट्या पेशीची चाल मोजायची असेल तर टाइम-लॅप्सला पर्याय नाही. फायब्रोनेक्टिनच्या पातळ लेपावर पेशी विरळ टाका, चार तास बसू द्या आणि १० पटीच्या लेन्सने दर १० मिनिटांनी १२ ते १६ तास चित्र घ्या. मायक्रोस्कोपचं कोंदण ३७ अंशांना, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडला स्थिर व्हायला दोन तास तरी लागतात. तेवढं थांबला नाहीत तर फोकस सरकत राहतो. केंद्रकासाठी हेक्स्ट वापरलात तर त्याला लागणारा जांभळा प्रकाश पेशीला इजा करतो. हिस्टोनला हिरवं प्रथिन जोडलेल्या पेशी बऱ्या, किंवा साध्या फेज चित्रावर हाताने माग काढा.

दर किती मिनिटांनी चित्र घ्यायचं, यावर वेगाचा आकडा किती बदलतो ते एकदा हिशेब करून पाहण्यासारखं आहे. कॅमेऱ्याचा पिक्सेल ६.५ मायक्रोमीटरचा असेल तर १० पटीवर एक पिक्सेल ०.६५ मायक्रोमीटरचा पडतो. मिनिटाला ०.५ मायक्रोमीटर जाणारी पेशी १० मिनिटांत ५ मायक्रोमीटर सरकते, म्हणजे सातआठ पिक्सेल. हे खरं सरकणं. तीच पेशी दर मिनिटाला टिपली तर दोन चित्रांत एक पिक्सेलही सरकत नाही, पण माग काढणाऱ्याचा हात एखाद्या पिक्सेलने इकडेतिकडे होतच असतो. तो थरथराट प्रत्येक पावलात मिळवला जातो आणि वेग फुगतो. म्हणून मृत किंवा फिक्स केलेल्या पेशीचाही माग एकदा काढा. तिचा जो 'वेग' येईल तो तुमच्या मोजणीतला दोष.

ट्रॅकमेट या माग काढणाऱ्या साधनातून वेग घ्याच, पण सरळपणाही घ्या: सुरुवात आणि शेवट यांतलं सरळ अंतर भागिले प्रत्यक्ष चाललेली वाट. फॅकचा परिणाम कधी वेगावर कमी आणि दिशा टिकवण्यावर जास्त दिसतो. विभागणाऱ्या पेशी आणि दुसरीला आदळलेल्या पेशी वगळण्याचा नियम मोजणीपूर्वी लिहून ठेवा.

स्क्रॅचचा प्रयोग स्वस्त आणि पटकन होणारा, पण त्यात तीन गोष्टी एकत्र मिसळतात: सरकणं, विभागणं आणि कडेच्या पेशींना झालेली जखम. २०० मायक्रोलिटरच्या टोकाने एकाच दमात रेघ ओढा, दोनदा धुवा, सीरम ०.५ ते १ टक्क्यावर आणा. नाहीतर मायटोमायसिन-सी १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, दोन तास आधी, हातमोजे घालून. फॅक घटल्याने वाढ मंदावत असेल, आणि बऱ्याच पेशींत मंदावते, तर वाढीची वेगळी मोजणी दिल्याशिवाय स्क्रॅचच्या आकड्याला अर्थ नाही.

ट्रान्सवेलमध्ये पेशी पडद्याच्या छिद्रांतून खाली उतरतात का ते पाहतात. त्यासाठी ८ मायक्रोमीटर छिद्रांचे इन्सर्ट घ्या. वर ५० हजार पेशी २०० मायक्रोलिटर सीरमरहित मीडियात, खाली ६०० मायक्रोलिटर १० टक्के सीरमचा मीडिया. इन्सर्ट तिरपा धरून बसवा. खाली बुडबुडा अडकला की त्या भागातून एकही पेशी उतरत नाही. १२ तासांनी वरच्या बाजूच्या पेशी ओल्या कापसाने दोनदा पुसा, खालच्या रंगवून मोजा. वर मेट्रिजेलचा (ऊतीसारख्या प्रथिनांच्या जेलचा) थर दिलात तर २४ तास द्या आणि टोकं, नळ्या, इन्सर्ट सगळं आधी बर्फावर गार करा. ते खोलीच्या तापमानालाच गोठायला लागतं.

अ‍ॅडहिजन सुटतात का?

इथे फॅकच्या कामाच्या सर्वांत जवळ जाता येतं. पॅक्सिलिनला हिरवं प्रथिन जोडून टर्फ (फक्त पेशीचा तळ उजळवणाऱ्या) मायक्रोस्कोपवर दर ३० सेकंदांनी चित्र घेतली, तर एकेका अ‍ॅडहिजनची चमक चढते, थांबते आणि उतरते. उतरणीच्या भागाचा लॉग काढून सरळ रेषा बसवा, तिचा उतार म्हणजे सुटण्याचा दर.

टर्फ नसेल तर नोकोडॅझोलचा प्रयोग करा. सीरमरहित मीडियात १० मायक्रोमोलर नोकोडॅझोल चार तास ठेवलं की मायक्रोट्युब्युल (पेशीच्या सांगाड्यातल्या नळ्या) मोडतात आणि अ‍ॅडहिजन मोठ्या होतात. ते धुऊन टाकलं की मायक्रोट्युब्युल पुन्हा वाढतात आणि तासाभरात अ‍ॅडहिजन सगळ्या पेशीत जवळपास एकाच वेळी सुटतात. ०, १५, ३०, ४५ आणि ६० मिनिटांना फिक्स करा. या सुटण्याला फॅक लागतं, हे २००५ मध्ये फायब्रोब्लास्टवर दाखवलेलं आहे. कॅन्सरपेशींत वेळा पुढेमागे होतात, म्हणून आधी कंट्रोलवर मिनिटं जुळवून घ्या आणि मायक्रोट्युब्युल परत आले का हे ट्युब्युलिन रंगवून पाहा. ते आलेच नसतील तर अ‍ॅडहिजन न सुटण्याचा दोष फॅकला देता येणार नाही.

आकडे वाचताना

एका प्रयोगातल्या ३०० पेशी म्हणजे ३०० प्रयोग नव्हेत. त्या सगळ्या एकाच दिवसाच्या, एकाच सायआरएनए मिश्रणाच्या, एकाच लेपाच्या आहेत. प्रत्येक प्रयोगाचा मध्य काढा आणि किमान तीन स्वतंत्र प्रयोगांच्या मध्यांवर जोडीची टी-चाचणी लावा. सुट्या पेशींचे ठिपके आलेखात जरूर दाखवा, प्रत्येक प्रयोगाला वेगळा रंग देऊन. पेशींची संख्या चाचणीत घातली तर कोणताही क्षुल्लक फरक लक्षणीय ठरतो.

मग तिन्ही मापं शेजारी ठेवा. पेशी गोल, कडेला मोठ्या अ‍ॅडहिजन, सुरुवातीची पकड कंट्रोलइतकीच, वेग कमी आणि नोकोडॅझोलनंतर अ‍ॅडहिजन टिकून: हे चित्र सुटण्यातल्या अडचणीचं आहे. पकडही घटली आणि वेगही घटला असेल तर फ्लो सायटोमेट्रीने बीटा-१ इंटिग्रिन पृष्ठभागावर किती उरलंय ते आधी पाहा, कदाचित प्रश्न रिसेप्टरच्या संख्येचा असेल. वेगात फरक नाही पण ट्रान्सवेलमध्ये मोठा फरक, तर दिशा ओळखण्यात किंवा अरुंद छिद्रातून अंग चोरण्यात अडचण आहे. खालच्या मीडियातल्या सीरमऐवजी पडद्याच्या खालच्या बाजूला फायब्रोनेक्टिनचा लेप देऊन तो प्रयोग पुन्हा करा. आणि सायआरएनएने परिणाम दिसला पण औषधाने दिसला नाही, तर आधी त्या औषधाने टायरोसिन-३९७ चं फॉस्फेट खरंच उतरलं का ते ब्लॉटवर पाहा. उतरलं असेल तर सांगाड्याच्या भूमिकेचा विचार सुरू करा.

कोलॅजनमध्ये तपासणं

प्लास्टिक किंवा काच शरीरातल्या कोणत्याही मऊ ऊतीपेक्षा कितीतरी कडक असते, आणि अ‍ॅडहिजनचा आकार कडकपणावर ठरतो. काचेवरचा निकाल हाती आला की तो कोलॅजनमध्ये तपासाच. उंदराच्या शेपटीच्या कोलॅजन-१ ची अंतिम मात्रा २ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवा, दहापट पीबीएस आणि सोडियम हायड्रॉक्साइडने बर्फावर पीएच ७.४ ला आणा आणि मगच पेशी मिसळा. मीडियातलं पीएच दाखवणारं रंगद्रव्य पिवळं असेल तर जेल नीट बसत नाही, गडद गुलाबी झालं तर पेशी मरतात. फिकट गुलाबी हवं. प्लेट ३७ अंशांवर ठेवल्यावर पहिली काही मिनिटं दर मिनिटाला उलटी-सुलटी करा, नाहीतर सगळ्या पेशी तळाला जाऊन काचेवरच सरकतात आणि तुम्ही त्रिमितीच्या नावाखाली पुन्हा काचच मोजता. माग काढताना तळापासून १०० मायक्रोमीटरच्या आतल्या पेशी सोडून द्या. जेल कडेपासून सुटून आखडलं असेल तर ते वेल मोजणीतून काढून टाका, कारण तिथे धाग्यांचा ताण बदललेला असतो आणि पेशी त्या ताणाच्या दिशेने वळतात.